नावाचे वेगळे पैसे

"किती घेणार?" मगदूम सरांनी विचारलं.

मी अजून खुर्चीवर नीट टेकलेही नव्हते. पिशवी मांडीवरच होती.

"साडेतीन हजार," मी म्हटलं. हाच आकडा मिरजेपासून बसमध्ये मनातल्या मनात घोकत आले होते. मिरजेतल्या ज्या दवाखान्यात मी होते तिथं मला त्याच्या निम्मेच मिळायचे.

"राहून-जेवून साडेतीन?"

"काम दिवसरात्रीचं आहे, सर. रात्री काकूंच्या मागं उठावं लागणार, आंघोळ घालायची, भरवायचं. एका पेशंटला दोन बायका ठेवतात लोक."

"तीन."

"सव्वातीन. आणि महिन्यातनं दोन दिवस सुट्टी. माझी मुलगी जतला असते आईजवळ. तिला बघायला जावं लागतं."

"सुट्टीचे पैसे कापणार."

"कापायचे नाहीत, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. उंच, ताठ माणूस. सांगलीतल्या एका हायस्कुलात हेडमास्तर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि निवृत्त होऊनही ते घरात इस्त्रीचा सदरा घालून बसत. त्यांचं घर हरिपूर रस्त्याला होतं, बैठं, पुढं चार पायऱ्या, मागं नदीकडं उतरत गेलेलं रान. उघड्या खिडकीतून कुठल्यातरी गोदामातला हळदीचा वास येत होता.

"बोलायला पक्की आहेस," सर म्हणाले. "सव्वातीन. सुट्टी दोन दिवस, पण दोन्ही सलग नाहीत. साबण, तेल तुझं तू आणायचं."

"साबण तुमचा."

साबणावरही आम्ही बराच वेळ घासाघीस केली. मला त्याची लाज वाटली नाही. नवऱ्यानं सोडल्यावर मी नर्सिंगचा छोटा कोर्स करून उभी राहिले होते, आणि मला मिरजेत एक खोली घेऊन माझ्या मुलीला, अश्विनीला, जवळ आणायचं होतं. ती माझ्या आईलाच आई म्हणायला लागली होती. मला ती, आईचं ऐकून, 'शालन' म्हणूनच हाक मारायची.

साबणाचं ठरलं. मी उठणार इतक्यात सर म्हणाले, "अजून एक आहे."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"कुसुम तुला दुसऱ्या नावानं हाक मारेल. आधी दोघी येऊन गेल्या, त्यांनाही मारायची. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत."

"मारू देत की, सर. एका आजोबांनी तर मला महिनाभर तात्या म्हणून हाक मारली होती."

सर हसले नाहीत.

"नुसती मारू द्यायची नाही. तू ओ द्यायचीस. त्रिशला म्हटलं की ओ द्यायची. आमची मुलगी. ती आता नाही."

काही सुचलं नाही की मी चेष्टेवर जाते, ती माझी सवय. "मग नावाचे वेगळे पैसे पडतील, सर," मी म्हटलं.

"किती?"

मला वाटलं, तेही चेष्टाच करताहेत. "पाचशे."

"ठीक आहे," सर म्हणाले.

साबणाच्या वडीवर अडून बसलेल्या माणसानं पाचशे रुपयांवर एक शब्दही काढला नाही.

"आठ दिवस राहून बघ," ते म्हणाले. "तुलाही कळेल, आम्हालाही कळेल. मग पगार पक्का करू."

सरांच्या पत्नी, कुसुमकाकू, मागच्या खोलीत कॉटवर बसून मेथी निवडत होत्या. म्हणजे पानं एकीकडं, देठ एकीकडं करत आणि मग दोन्ही पुन्हा एकत्र करत. अगदी लहानखुरी बाई, पांढऱ्या केसांची वेणी, कपाळावर बारीक टिकली. मी दारात उभी राहिले तशी त्यांनी मान वर केली.

"आलीस?"

सगळे विचारतात तसं ते विचारणं नव्हतं. भाजीला गेलेलं माणूस परत आल्यावर म्हणावं तसं त्या बोलल्या.

"आले," मी म्हटलं.

"हात धू आणि बस. त्रिशा, तुझ्या केसांना तेल नाही गं, किती रुक्ष झालेत."

"ओ," मी म्हटलं. तिथं ओ द्यायची गरज नव्हती, पण दिली. मागं सर उभे होते. ते ऐकून ते पुढच्या खोलीत निघून गेले.

काम तसं जड नव्हतं. काकू भांडखोर नव्हत्या, औषध निमूट घेत. आंघोळीला तेवढ्या लाजत, मग मी म्हणायची, "आई, डोळे मिटा, म्हणजे मला दिसणार नाही," आणि त्या हसून खरंच डोळे मिटत. दुपारी जेवण झालं की त्या मला पुढ्यात बसवून माझी वेणी घालत. बोटं सगळं विसरली नव्हती. पेड सोडायचे, तेल चोळायचं, तीन पेड घ्यायचे, सगळं बरोबर. इतकी वर्षं माझ्या केसांना कुणी हात लावला नव्हता. मला झोप यायची.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी वेणी घालता घालता काकूंचे हात थांबले.

"त्रिशा, त्या दिवशी तू दार वाजवलंस ना, तेव्हा मी जागी होते गं."

ओ द्यायचे पैसे ठरले होते, उत्तरं द्यायचे नव्हते.

"दोनदा वाजवलंस. मग थांबलीस. मग परत एकदा, हळू. मी जागी होते."

"बरं," मी म्हटलं.

"बरं काय? तू वाजवलंस ना?"

मी कसाबसा विषय पालटला. म्हटलं, आई, बघा चिमणी आली खिडकीत. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, आणि विसरल्या. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, वेणीचा तोच पेड हातात असताना, पुन्हा तेच. मी जागी होते गं. तू वाजवलंस ना? आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. जेवलेलं विसरायच्या, सरांचं नाव विसरायच्या, हे मात्र विसरत नव्हत्या. मी त्रिशलाच्या खोलीत झोपायची. खोलीत तिचं काही उरलं नव्हतं, एक रिकामं कपाट आणि भिंतीला बाहुबलीची तसबीर. तरी त्या खोलीत मला दाराकडं पाठ करून झोपवेना.

आठवडा झाला तसं सरांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. सकाळची वेळ होती, काकू आंघोळीनंतर पडल्या होत्या.

"काम चांगलं आहे तुझं," सर म्हणाले. "सव्वातीन पक्के. नावाचे पाचशे. आजपासून लागू."

मी ठरवून आले होते. "सर, सगळे मिळून चार हजार करा."

"का?"

"काकू नुसतं नाव घेत नाहीत. रोज दुपारी एक गोष्ट विचारतात. मला त्याचं उत्तर माहीत नाही, आणि नुसतं ओ देण्यापेक्षा ते जड जातं."

"काय विचारते?" सर म्हणाले. त्यांना माहीत होतं. विचारताना ते खिडकीबाहेर बघत होते.

मी सांगितलं.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि ते सगळं अशा आवाजात सांगितलं की जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगताहेत. त्रिशला बँकेत लागली होती. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. तो जैन नव्हता. सर म्हणाले होते, गेलीस तर हे दार तुला उघडणार नाही. ती गेली. दोन दिवसांत त्या मुलानं कोल्हापुरात हात वर केले, त्याच्या घरच्यांनी त्याला उचलून नेलं. ती एकटीच परत आली.

"आली होती हे खरं," सर म्हणाले. "सकाळी पायरीवर चपला होत्या तिच्या. ती नव्हती. मग हरिपूरला, संगमाच्या पाण्यात..." तिथं ते थांबले. "पण तिनं दार वाजवलं, की नुसती पायरीवर बसून गेली, हे कुणाला माहीत? ही म्हणते वाजवलं. मला झोप लागली होती. त्या रात्री वारा फार होता. वाऱ्यानंही कडी वाजते."

झोप लागलेल्या माणसाला वारा कसा कळला, हे मी विचारलं नाही.

"तू तिला एवढंच सांग," सर म्हणाले, "आई, मी दार वाजवलंच नाही. बास. म्हणजे तिचं मन थांबेल. त्याचे किती घेशील?"

"सर, वाजवलं होतं का खरंच?"

"पाच हजार देतो," सर म्हणाले. "सगळे मिळून. सुट्ट्या पाहिजे तर सलग घे."

पाच हजार. दवाखान्याच्या जवळजवळ तिप्पट. खोलीचं भाडं, अश्विनीची शाळा, दूध, सगळं त्यात बसत होतं. आणि वाक्य तरी कुणाचं वाईट करणारं होतं? पेशंटला आम्ही रोज खोटं सांगतो. बरं वाटेल आजी, उद्या घरी सोडणार आजी. ते फुकट सांगतो.

"म्हणते," मी म्हटलं.

"म्हणून दाखव."

"आत्ता?"

"मला ऐकू दे कसं होतंय ते. तिला संशय आला तर सगळंच मुसळ केरात."

मी उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी. "आई, मी दार वाजवलंच नाही."

"अशी नाही. तू नर्स बोलते तशी बोलतेस. ती हळू बोलायची. शेवटचा शब्द गिळायची."

"आई, मी दार वाजवलंच नाही."

"आणखी हळू. आणि आईला सोड. मला सांगतेस असं म्हण. ती मला अण्णा म्हणायची."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा लहान दिसत होता.

"अण्णा," मी म्हटलं, "मी दार वाजवलंच नाही."

त्यांनी डोळे मिटले.

"पुन्हा."

"अण्णा, मी दार वाजवलंच नाही."

"पुन्हा म्हण, त्रिशा."

त्यांना काही विसर पडलेला नव्हता. दुधाचा हिशेब, पेन्शनची तारीख, शाळेतल्या जुन्या मुलांची नावं, सगळं तोंडपाठ. आणि ते मला त्रिशा म्हणाले. ते वाक्य कुणासाठी विकत घेतलं जात होतं, ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं, पिशवी उचलावी आणि निघावं. पण नावाला ओ द्यायचं ठरलं होतं, आणि ठरलेलं मी कधी मोडत नसे. मी अजून एकदा म्हटलं. शेवटचा शब्द गिळून, तिच्यासारखा. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी आता मला तिचा आवाज येत होता.

सरांनी पुन्हा म्हण असं म्हटलं नाही. चष्माही लावला नाही. मी आत गेले.

त्या दुपारी काकूंनी मला पुढ्यात बसवलं. तेल चोळलं. दुसरा पेड हातात घेतला आणि थांबल्या.

"त्रिशा, तू दार वाजवलंस ना, तेव्हा मी जागी होते गं."

सर दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिलेले मला दिसत होते. काकूंची मान माझ्या केसांवर वाकलेली होती.

"आई," मी म्हटलं, "मी दार वाजवलंच नाही."

पेड त्यांच्या हातातच राहिला.

"नाही वाजवलंस?"

"नाही."

काकू विचार करत बसल्या. मला वाटलं, सुटलं.

"मग आम्ही दोघं कुणासाठी जागे होतो गं?" काकू म्हणाल्या.

मी वर पाहिलं. सरांचा हात चौकटीवर होता, तो तिथंच राहिला.

"मला झोप लागली होती, कुसुम," ते म्हणाले.

काकूंनी मान वर केली नाही. माझ्या केसांकडं बघतच बोलल्या. एवढं सलग, एवढं नीट त्या बोललेल्या मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही झोपलात की घोरता. लग्नापासून ऐकतेय मी. त्या रात्री घोरला नाहीत."

घरात कुठंतरी नळ ठिबकत होता. सर दोन पावलं आत आले आणि कॉटच्या पायथ्याशी बसले. इस्त्रीचा सदरा चुरगळला.

"जागा होतो," ते म्हणाले.

"मग उठला का नाहीत?"

"तू उठशील म्हणून पडून राहिलो." त्यांचा आवाज हेडमास्तरांचा राहिला नव्हता. "मी उठलो असतो तर माझा शब्द गेला असता. तू उघडलं असतंस तर मी काही बोललो नसतो, कुसुम. देवाशपथ बोललो नसतो. मी वाटच बघत होतो, तू कधी उठतेस त्याची."

"मला काय माहीत?" काकू म्हणाल्या. "मी तुमची वाट बघत होते."

दोघांच्या मध्ये मी बसले होते, अर्धी वेणी पाठीवर घेऊन. आजवर अनेक मरणं मी पाहिली आहेत. काही माझ्या हातात झाली. पण त्या दुपारी त्या खोलीत जशी बसले तशी मी कुठंच बसले नाही. दोघंही आता माझ्याकडं बघत होते. काहीतरी ऐकायची वाट बघत होते. मी रागवावं, की जाऊ दे म्हणावं, यातलं काय बोलायचं ते सरांनी सांगितलेलं नव्हतं, आणि माझ्या मनानं बोलायचा मला काय अधिकार होता?

मग काकूंनी माझ्या हनुवटीला हात लावून माझा चेहरा आपल्याकडं वळवला. नीट पाहिलं. डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना बघावं तसं पाहिलं.

"अहो," त्या सरांना म्हणाल्या, "ही मुलगी कोण?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. सांगावं की नाही, असं ते क्षणभर मलाच विचारत असल्यासारखं वाटलं. मी काहीच खूण केली नाही.

"ही शालन," ते म्हणाले. "जतची आहे. तुझ्या मदतीला आलीय."

"अगं बाई," काकू ओशाळून म्हणाल्या. "आणि मी हिचे केस घेऊन बसले. राग मानू नकोस हं बाळ." तरी त्यांनी हातातला पेड टाकला नाही. उरलेली वेणी पूर्ण केली, टोकाला रिबन बांधली आणि हात पुसले.

मी तिथंच राहिले, काकू असेपर्यंत, दोन वर्षांच्या वर. मिरजेत खोली घेऊन अश्विनीला आईसकट आणलं, शाळेत घातलं. पहिल्याच महिन्याला सरांनी पाकीट दिलं तेव्हा मी म्हटलं, सर, पाच हजार नकोत, सव्वातीनच द्या, बाकीचं काम तर राहिलंच नाही. ते म्हणाले, ठरलं ते ठरलं. मी वाद घातला नाही, घेतले.

काकू शेवटपर्यंत माझ्याशी प्रेमानं वागल्या. कधी मला शालन म्हणत, कधी नाव आठवायचं नाही तर नुसतं बाळ म्हणत. पण त्रिशला म्हणून त्यांनी मला पुन्हा कधी हाक मारली नाही, आणि दाराचंही पुन्हा कधी काढलं नाही. सर मात्र दुपारच्या वेळी त्या खोलीबाहेर येऊन उभे राहत. आत वेणी चाललेली असे. ते ऐकत उभे राहत आणि ते नाव ऐकू आलं नाही की निघून जात. त्रिशला त्या घरातून दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी गेली तेव्हा मी तिथं होते.